जेएनडीआयमधल्या या चुका टाळा, डेटाबेसला उगाच शिव्या देऊ नका

टॉमकॅटवर, म्हणजे जावाची वेब अ‍ॅप चालवणाऱ्या सर्व्हरवर, अ‍ॅप चढवलं आणि एरर आली की जळगावपासून शहाद्यापर्यंत सगळी पोरं एकच सांगतात, "भाऊ, डेटाबेस गेला." बहुतेक वेळा डेटाबेस ठणठणीत असतो. नाव चुकलेलं असतं. जेएनडीआय म्हणजे नावाचाच खेळ: अ‍ॅपने ठरलेलं नाव सांगायचं, आणि त्या नावाचं डेटाबेस कनेक्शन सर्व्हरने द्यायचं.

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याकडे ऐन हंगामात बिलिंग अडकलं. गाड्या भरून उभ्या, बिल्टी निघेना. लॉगमध्ये डेटाबेसशी बोलणाऱ्या ड्रायव्हरचा क्लास रिकामा आणि कनेक्ट यूआरएल 'नल'. पोरांनी पासवर्ड बदलला, फायरवॉल बंद केला, मायएसक्यूएल नव्याने टाकायलाही घेतलं. मी वेब.एक्सएमएल (अ‍ॅपला काय हवं ते) आणि कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल (डेटाबेसचा पत्ता) शेजारी शेजारी उघडल्या. 'केळीडीबी'चा के एकीकडे छोटा, दुसरीकडे मोठा. संपलं.

यात लूकअप, म्हणजे नावावरून शोध, फसतच नाही. वेब.एक्सएमएलमध्ये रिसोर्स-रेफ, म्हणजे मागणी, आहे, पण कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये त्या नावाचा रिसोर्स नाही, म्हणून टॉमकॅट रिकामा डेटासोर्स (कनेक्शन देणारा) हातात देतो आणि बोंब होते ती कनेक्शन मागताना. क्लास रिकामा आणि यूआरएल नल दिसला, तर सर्व्हर अजून डेटाबेसकडे फिरकलेलाही नाही, एवढं समजा. मी नाव कधी हाताने टाइप करत नाही, कॉपी-पेस्टच.

त्या पोरांतल्या एकाने यूआरएल, पासवर्ड थेट कोडमध्ये टाकायची तयारी केली होती. "आजच्यापुरतं, भाऊ." असलं आजच्यापुरतं पुढच्या दिवाळीतही तिथंच सापडतं! एकच वॉर फाइल (अ‍ॅपचं गाठोडं) टेस्टलाही चालावी नि लाइव्हलाही, पत्ता सर्व्हरने सांभाळावा, म्हणून तर जेएनडीआय आहे. घाई असेल त्याने एक्सेलमध्ये बिलं करावी.

बाकीच्या चुका फुटकळ, पण रोजच्या.

कोडमध्ये लूकअप करताना 'जावा:कॉम्प/एन्व्ह/' पुढे लावा, कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये लावू नका. वाइल्डफ्लाय या दुसऱ्या सर्व्हरचं 'जावा:जेबॉस/डेटासोर्सेस' व्हिडिओत बघून टॉमकॅटमध्ये चिकटवू नका.

ड्रायव्हरची जार टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये. पूल, म्हणजे तयार कनेक्शनांचा साठा, सर्व्हर बनवतो, अ‍ॅप नाही.

मेन मेथडमधून लूकअप चालवून 'नो इनिशियल कॉन्टेक्स्ट' दाखवायला माझ्याकडे येऊ नका. ती सर्व्हरच्या बाहेर चालते, तर नाव शोधून देणार कोण?

टॉमकॅट 8 पासून नेहमीच्या पूलमध्ये 'मॅक्सअ‍ॅक्टिव्ह' चालत नाही, 'मॅक्सटोटल' (एकावेळी जास्तीत जास्त किती कनेक्शन) लिहा. जुन्या फाइलीत 100 लिहून निवांत बसलेल्याला मुळातली 8 कनेक्शनच मिळतात, आणि दुपारच्या गर्दीत अ‍ॅप लटकतं. लॉगमध्ये याची वॉर्निंग येते. वाचतं कोण?

आणि वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर लूकअपच्या नावात कधीच जोडू नका. डिसेंबर 2021 मध्ये जावात लॉग लिहिणाऱ्या लॉगफोरजे लायब्ररीतलं सुरक्षेचं भोक जगभर गाजलं ते यामुळेच: लॉगमध्ये आलेल्या मजकुरातून लूकअप व्हायचा आणि तो थेट हल्लेखोराच्या एलडॅप सर्व्हरवर (नावावरून माहिती देणारा एक प्रकारचा सर्व्हर) जायचा.