गाडी पेट्रोल जास्त पितेय? आधी मोजा

डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबा, किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच भरा. माझे ३७२ किलोमीटरला ३१ लिटर गेले, म्हणजे लिटरला जेमतेम १२. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकला दोष देत मी दोन महिने घालवले, ते चुकलंच.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. एअर फिल्टरही बघून घ्या.

तरी फरक नाही? ब्रेक कमी वापरत पंधरा मिनिटं चालवा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या, टेकवू मात्र नका. माझं मागचं डावं चाक नुसतं भाजत होतं. हँडब्रेकची केबल अडकलेली! सपाट रस्त्यावर न्यूट्रलला ढकलून पाहा. जड गेली तर ब्रेक उघडायलाच लावा.