माणदेशातली बाग: देशी झाडं लावताना या चुका टाळा

म्हसवड, दहिवडी, आटपाडी, जत या कमी पावसाच्या पट्ट्यात नवीन घर बांधलं की अंगणात देशीच झाडं लावायची, असा आग्रह हल्ली दिसतो. आग्रह चांगलाच. पण एक-दोन उन्हाळ्यांत बरीच रोपं जातात, मग "आपल्या जमिनीत काही येतच नाही" म्हणत लोक परत गुलमोहराकडे नाहीतर सरळ फरशीकडे वळतात.

जमिनीला बोल लावण्याआधी निवड तपासा. नुसतं देशी असून भागत नाही, किती पावसातलं देशी ते बघावं लागतं. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात 500 च्या आसपास. हिरडा, अंजनी ही सह्याद्रीची अस्सल झाडं, पण माणच्या माळावर त्यांना आणून आपण त्यांचे हालच करतो. जांभूळही ओढ्याकाठी ठीक, मुरमाड उतारावर नाही. त्यापेक्षा गावाबाहेर जिथं कोणी कधी पाणी घातलेलं नाही, अशा माळावर चक्कर मारा. हिवर, बोर, बाभूळ, खैर, कडुलिंब, पळस, खाली तरवड आणि हेंकळ. यादी तिथेच मिळते. फक्त वेडी बाभूळ आणि घाणेरी त्यातून वगळा. दोन्ही बाहेरून आलेली, आणि एकदा बसली की हलत नाहीत.

तरवडाकडे लोक उगाच रानटी झुडूप म्हणून बघतात. कुंपणाकडेला पिवळाधमक फुलतो, उन्हाला दाद देत नाही आणि शेळीही सहसा त्याला तोंड लावत नाही. लॉनच्या पाण्यात अशी किती झुडपं जगतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

रोपवाटिकेत आपटा मागितला की पुष्कळदा कांचन हातात पडतो. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त आणि खालून फिकट लवदार असतं. कांचनाचं पान मोठं आणि पातळ. आणखी एक: सहा-सात फुटी रोपाचा मोह नको. पिशवीत मुळांची गुंडाळी झालेली असते आणि ती जमिनीत गेल्यावरही तशीच गोल फिरत राहतात. दोन फुटी रोप घ्या, पिशवी पूर्ण फाडून काढा, वेढे घेतलेली मुळं कापून मोकळी करा.

खड्ड्याबाबत तर सगळ्यांचा एकच घोळ. कडक मुरमात दोन फुटांचा खड्डा घ्यायचा आणि तो विकतच्या काळ्या मातीने गच्च भरायचा. पावसात त्या खड्ड्याची घागर होते, पाणी खाली झिरपत नाही, मुळं कुजतात. काढलेला मुरूमच थोडं शेणखत मिसळून परत भरा. खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत झाल्या असतील तर पहारीने खरवडा, म्हणजे मुळांना बाहेर शिरायला फटी मिळतील.

जूनच्या पहिल्या सरीला रोप लावायची घाईही अंगाशी येते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस दडी मारतो आणि खरा भरवसा सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या उत्तरा-हस्ताच्या पावसावर असतो. मधली ओढ निभवायला हाताशी पाणी असेल तर जूनअखेर लावा, नसेल तर खड्डे भरून ठेवा आणि ऑगस्टअखेरपर्यंत थांबा. मात्र उशिरा लावलेल्या रोपाला पहिला उन्हाळा जड जातो, त्याची तजवीज आधीच करा.

आता पाणी. सगळ्यात जास्त रोपं इथेच मरतात, आणि तीही बऱ्याचदा मायेनं. रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी बुंध्यात ओतलं की वरची दोन बोटं माती ओली होते, मुळं तिथेच घुटमळतात आणि एप्रिलच्या उन्हात भाजून निघतात. त्याऐवजी पहिल्या वर्षी आठ-दहा दिवसांनी, उन्हाळ्यात थोडं लवकर, पण बादलीभर सावकाश मुरू द्या. आळं बुंध्याला चिकटून नको, हातभर लांब गोल करा. ठिबकची नळी असेल तर तीही झाड वाढेल तशी बाहेर सरकवा. आळ्यात उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा. कऱ्हाड-वाळव्याकडे ते शेतात नुसतं जाळतात. बुंध्याजवळची जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी चढते.

पानं पिवळी पडली की लगेच पाणी वाढवू नका. आधी बोट मातीत खुपसा. ओली असेल तर पाणीच जास्त झालंय. पान पिवळं पण शिरा हिरव्या असतील तर चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाहीये. पानांची टोकं करपली आणि मातीवर पांढरा थर आला असेल तर बोअरच्या पाण्यातले क्षार साठलेत. पावसाळ्यात छपराचं पाणी आळ्यांकडे वळवा, ते क्षार खाली धुऊन नेतं.

पळस, बहावा उन्हाळ्याच्या तोंडाला उघडेबोडके होतात. ते मेले म्हणून उपटणारे कमी नाहीत. फांदीची साल नखाने खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, त्याला जूनपर्यंत तसंच राहू द्या.