निकृष्ट वैरणीवर वजनवाढ: आधी पेंड, मग भरडा

हिरवा चारा संपला की गव्हाणीत उरतं ते उशिरा कापलेलं गवत, कडबा नाहीतर भाताचा पेंढा. वाढीच्या वयातली जनावरं दिवसभर चघळत असतात, पोटं टम्म दिसतात, पण कमरेची हाडं वर येऊ लागतात. अशा वेळी बहुतेक जण धान्याचा भरडा वाढवतात आणि तिथंच गणित चुकतं.

अशा वैरणीत प्रथिनं जेमतेम 3 ते 5 टक्के असतात. कोठीपोटातल्या, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या, जिवाणूंना चोथा पचवायला चाऱ्यात निदान 7 टक्के लागतात. ती मिळाली नाहीत तर चोथा पोटातच पडून राहतो, जागा रिकामी होत नाही आणि जनावराचं खाणंच घटतं. वर भरपूर भरडा दिला, तर पिष्ट पचवणारे जिवाणू प्रथिनांतला उरलासुरला नत्र आधी पळवतात, आम्लता वाढते आणि वैरण आणखी कमी पचते. याची खूण शेणात सापडते: पो घट्ट, उंच, कडेनं थर दिसणारा, आणि फोडला तर आत न पचलेल्या काड्या. प्रथिनांची तूट भरली की काही दिवसांत तो सैल पडू लागतो.

आता हिशोब. 200 किलोचं जनावर अशी वैरण साधारण 4 किलो खातं. 4 टक्क्यांनी 160 ग्रॅम प्रथिनं. रोज अर्ध्या किलोच्या आसपास वाढ हवी तर 450 ते 500 ग्रॅम लागतात. ही तूट पाऊण किलो सोयाबीन पेंडीनं (45 टक्के) किंवा दीड किलो न सोललेल्या सरकीच्या पेंडीनं (22 टक्के) भरून निघते. पोतं कितीचं यापेक्षा एक किलो प्रथिन कितीला पडतं ते बघून पेंड निवडा. पेंड जमली की मगच भरडा, तोही अर्धा किलो, फार तर 600 ग्रॅम. पेंड एकाआड एक दिवस दुप्पट दिली तरी चालते, कारण जनावर नत्राचा काही भाग लाळेतून पुन्हा कोठीपोटात आणतं. भरडा आणि युरियाच्या बाबतीत मात्र ही सवलत नाही.

पेंड परवडत नसेल तर युरिया प्रक्रिया करा. 100 किलो वाळलेल्या कुट्टीला (तुकडे केलेल्या वैरणीला) 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थर पसरायचा, झारीनं सारखं शिंपडायचं, पायानं दाबायचं, मग पुढचा थर. वरून प्लास्टिकनं हवाबंद करून 21 दिवस ठेवा. थंडीत आठवडाभर जास्त. खाऊ घालण्याआधी तासभर पसरून अमोनियाचा वास उडू द्या. प्रथिनं 7-8 टक्क्यांवर जातात आणि पेंड निम्म्यावर आणता येते. पूर्ण बंद करू नका: युरियाचा नत्र जिवाणूंच्या उपयोगाचा, वाढत्या स्नायूला पेंडीचं प्रथिनही हवं.

सहा महिन्यांखालच्या वासरांना ही युरियाची वैरण नको. बाकीच्यांना आठ-दहा दिवसांत हळूहळू सवय लावा. युरिया पिण्याच्या पाण्यात कधीही मिसळू नका आणि सोबत कच्चं सोयाबीन देऊ नका, त्यातल्या विकरामुळे अमोनिया झपाट्यानं सुटतो. थरथर, तोंडाला फेस, पोटफुगी, धाप दिसली तर पशुवैद्यकाला ताबडतोब बोलवा. विषबाधा अर्ध्या-एक तासात दिसू लागते, त्यामुळे वाट बघायला वेळ नसतो.

कुट्टी दोन-तीन सेंटिमीटरची ठेवा. त्यानं नासाडी थांबते, खाणं थोडं वाढतं. पचनीयता मात्र वाढत नाही, हे कुट्टी यंत्र विकणारे सांगत नाहीत. बारीक भुकटी तर पोटातून न पचताच पुढे सरकते. बुरशी दिसली की तो भाग फेकाच, धुऊन-वाळवून विष जात नाही.

खनिज मिश्रण रोज 30 ते 50 ग्रॅम, मीठ 20 ग्रॅम. उन्हानं पांढऱ्या पडलेल्या वैरणीत कॅरोटीन उरत नाही, म्हणून दोन-तीन किलो हिरवं काहीतरी मिळवा किंवा अ जीवनसत्त्व द्या. भाताच्या पेंढ्यातली ऑक्झॅलेटं कॅल्शियम बांधून ठेवतात. तिथं खनिज मिश्रण टाळून भागत नाही. पाणी दिवसभर समोर हवं, कोरड्या वैरणीवर तहान बरीच लागते.

पंधरा दिवसांनी वजन घ्या. काटा नसेल तर छातीचा घेर इंचांत मोजून त्याचा वर्ग करा, त्याला खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतच्या लांबीनं (तीही इंचांत) गुणा आणि 660 नं भागा. अंदाजे किलो मिळतात. मोजणी सकाळी, चारा-पाण्याआधीच करा, नाहीतर पोटातलं पाणीच वाढ म्हणून मोजलं जाईल.