गिटारच्या सोलोवर वाद घालायचा तर असा घाला

मी गोव्यातल्या फोंड्याचा. लाउडस्पीकर भाड्याने देणं हा धंदा. चवथ, जत्रा, नाटकं, लग्नं, वर्षभर माझा माल गावोगाव फिरत असतो. पण शनिवारी रात्री दोन स्पीकर आणि छोटा मिक्सर मी कुणाला म्हणजे कुणाला देत नाही. त्या रात्री आमच्याकडे सातआठ जण जमतात आणि रॉकमधला सर्वांत थोर गिटार सोलो, म्हणजे गाणारा थांबतो आणि गिटार पुढे येऊन वाजते तो तुकडा, कोणता यावर भांडतात. अकरा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं नुसता आरडाओरडा होता. माझ्या एका शब्दावरून मावसभाऊ ताटावरून उठून गेला तो सहा महिने फिरकला नाही. त्याचा आवडता सोलो मी न ऐकताच उडवून लावला होता. त्यानंतर बसायची एक पद्धत बसवली, ती सांगतो.

जे त्या रात्री वाजलं नाही, त्यावर बोलायचं नाही. आणि वाजवायचं ते अख्खं गाणं. नुसता सोलो काढून ऐकणं म्हणजे नाट्यपदातली तान तेवढी कापून ऐकणं. ती कुठून उठली आणि समेवर कशी आली हे कळल्याशिवाय तिची किंमत कशी करणार? मोबाइलच्या स्पीकरवर तर ऐकूच नका. त्यात खालचा बेस जातो, आणि बेस गेला की गिटारचा सूर कशाला टेकून उभा आहे तेच कळत नाही. मोठे स्पीकर नसतील तर बरा हेडफोन घ्या.

मग ‘थोर’ म्हणजे काय ते त्या रात्रीपुरतं ठरवून टाका. अर्धी भांडणं इथेच मिटतात. वेग आणि नवी युक्ती हे माप असेल तर व्हॅन हेलनचं १९७८चं ‘इरप्शन’ लावा: उजव्या हाताची बोटंही गिटारच्या मानेवर आपटून सूर काढलेत, आणि सगळा खेळ पावणेदोन मिनिटांत आटोपतो. पण ते गाण्यातला सोलो नव्हेच, ती स्वतंत्र चीज आहे. गाण्याला काय दिलं हे माप धरलं तर ते बाजूला ठेवावं लागतं. ‘सर्वांत आधी कुणी’ हे माप मी तरी घेऊ देत नाही. चक बेरीच्या ‘जॉनी बी. गुड’ची १९५८ची ती सुरुवात सगळ्या जगाला पाठ आहे, आणि तीच ओळ कार्ल होगननं १९४६ साली लुई जॉर्डनच्या एका गाण्यात वाजवलेली आहे. मागे जात राहिलं की रात्र संपते, वाद संपत नाही.

आता खरा गाभा. आमच्याकडे सगळ्यात जास्त रात्री ज्यावर गेल्या तो प्रश्न असा: जुळवून केलेला सोलो आणि तिथल्या तिथे सुचलेला सोलो, यांना एका तराजूत घालायचं का?

तीन गाणी लागोपाठ लावा. पहिलं, लेड झेपेलिनचं १९७१चं ‘स्टेअरवे टू हेवन’. जिमी पेजनं सुरुवातीची ओळ मनाशी ठरवली होती, पुढचं तिथेच सुचेल तसं वाजवलं. असे तीन सोलो रेकॉर्ड केले आणि त्यातला एक ठेवला. म्हणजे आपल्या भाषेत उपज. दुसरं, ईगल्सचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’, १९७६च्या डिसेंबरात आलेलं. डॉन फेल्डर आणि जो वॉल्श शेवटची दोन मिनिटं आधी आळीपाळीनं आणि मग जोडीनं वाजवतात. फेल्डरनं त्याचा कच्चा नमुना घरी कॅसेटवर करून ठेवला होता. मायामीत रेकॉर्डिंगच्या वेळी ‘कॅसेटवर आहे तस्संच हवं’ असा हट्ट धरला गेला, तेव्हा त्यानं घरी फोन लावून तिथल्या बाईंना ती कॅसेट फोनवर ऐकवायला सांगितली आणि आपलेच सूर पुन्हा बसवले. म्हणजे ही बंदिश झाली, सूर न् सूर ठरलेला.

तिसरं, पिंक फ्लॉइडचं १९७९चं ‘कम्फर्टेब्ली नम्ब’. यातला शेवटचा सोलो डेव्हिड गिलमोरनं पाचसहा वेळा वाजवला, मग बसून कागदावर टिपलं की कुठल्या वेळच्या कुठल्या मात्रा चांगल्या आल्या, आणि त्या कागदाप्रमाणे एक फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमीजास्त करायची सरकती कळ, वर, दुसरा खाली करत त्यातून एक सोलो उभा केला. हे मी मित्रांना माझ्या मिक्सरवर करून दाखवलं. भाच्यानं एकच ओळ चार वेळा वाजवली, मी ती चार वेगळ्या ट्रॅकवर घेतली आणि अंगठ्यानं फेडर सरकवत जोडली. दुसऱ्या जोडावर माझा अंगठा क्षणभर उशिरा गेला आणि सूर असा तुटला की सगळ्यांनी माना वळवल्या. गिलमोरचा तो सोलो इतकी वर्षं ऐकतोय, मला एकही जोड सापडलेला नाही. त्या रात्रीनंतर ‘जोडलेलाच तर आहे’ असं आमच्यात कुणी म्हटलं नाही.

तुम्ही कुठल्याही बाजूनं बोला, पण बोट ठेवून बोला. ‘काय वाजवलंय!’ हा मुद्दा नव्हे. गाणं थांबवा, मागे घ्या, जागा दाखवा. उदाहरणार्थ, ‘कम्फर्टेब्ली नम्ब’मध्ये सोलो दोन आहेत. पहिला दुसऱ्या मिनिटाच्या सुमाराला येतो, मेजरमध्ये, म्हणजे आपल्याकडे शुद्ध स्वरांचा भास होतो. शेवटचा साडेचार मिनिटांच्या पुढे, मायनरमध्ये, म्हणजे कोमल स्वरांचा भास. तेच गाणं, तीच गिटार, पण उजेड गेलेला. कुठला मोठा हे सांगण्याआधी हा फरक गाऊन दाखवा.

गाऊन दाखवणं ही आमच्याकडची शेवटची परीक्षा. ज्याची बाजू घेता, त्याच्या निदान चार ओळी गिटारशिवाय गुणगुणता आल्या पाहिजेत. येत नसतील तर तुम्ही तो मन लावून ऐकलेला नाही.

वडीलधाऱ्यांना बाहेर ठेवू नका. आमच्या वाड्यावरचे मास्तर भजनात पेटी वाजवतात, त्यांना ‘हा गोंगाट’ नको होता. मी त्यांना एवढंच सांगितलं की १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी ‘जात कहां हो’ आहे, आणि त्याच तबकडीवर चक बेरीची गिटारही आहे. मास्तर म्हणाले, “मग ऐकायला हवं बाबा.” येऊन बसले. गिलमोरनं तार ओढत एक सूर खालून वर नेला तेव्हा त्यांचा हात आपोआप उठला. “परत लाव.” पुन्हा लावलं. “ही मींड. माझ्या पेटीत पट्ट्या आहेत, दोन पट्ट्यांच्या मधली जागा मला कधीच मिळाली नाही. ह्याला मिळते.” तिथून पुढे मास्तर पेजपेक्षा गिलमोरच्या बाजूचे. मी अजून पेजचाच आहे, कारण शेवटाकडे तो गाण्याला जो धक्का देतो त्याशिवाय नंतरचं वरच्या पट्टीतलं गाणं उभंच राहिलं नसतं. मास्तरांना ते पटत नाही.

मतदान घ्या, पण चिठ्ठीवर. हात वर करायला लावलं की पोरं मोठ्यांकडे बघून हात वर करतात. चिठ्ठीवर सोलोच्या नावाखाली त्यातली आपली जागाही लिहायची, मिनिट आणि सेकंद घालून. जागा नसेल तर मत बाद. आणि हे सगळं साडेनऊपर्यंत उरका, दहाला स्पीकर बंद करावे लागतात. येत्या शनिवारी मावसभावाची पाळी आहे. तो डायर स्ट्रेट्सचं ‘सुल्तान्स ऑफ स्विंग’ लावणार आहे, आणि या वेळी मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणार आहे.