गावातल्या पाटीवरून पहिलं महायुद्ध कसं शोधावं

पहिल्या महायुद्धाचा अभ्यास सारायेव्होतल्या गोळीबारापासून, म्हणजे ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या हत्येपासून, सुरू करू नका. आपल्या सातारा-सांगलीकडच्या माणसाला त्याहून जवळचं दार उघडं आहे. मी कोरेगाव तालुक्यात माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते आणि मुलांना ‘युद्धाची पाच कारणे’ पाठ करायला लावण्याआधी गावातली पाटी शोधायला पाठवते.

महायुद्धानंतर इंग्रज सरकारने भरती झालेल्या पुष्कळ गावांत दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक युद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी हे गाव सगळ्यांना ठाऊक आहे. तिथले ४६ जण परतले नाहीत. तुमच्या गावात चावडीच्या भिंतीत, देवळाच्या आवारात, जुन्या शाळेच्या ओसरीवर बघा. कधी चुन्याच्या थराखालीही सापडते. ओल्या फडक्याने हलकेच पुसा, खडू घासू नका, तेल-शेंदूर तर मुळीच नको. सकाळी ऊन तिरपं असताना फोटो काढा, म्हणजे झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. पाटीवर १९१४-१९१९ असं असेल तर ते बरोबर आहे. तोफा ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबल्या, पण व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा.

अशा पाटीवर बहुधा आकडा असतो, नावं नसतात. आपलं काम त्या आकड्यातल्या एका तरी माणसाचं नाव शोधण्याचं.

जुन्या घरांतून विचारा. ‘पणजोबा बसऱ्याला (आजच्या इराकमधल्या बंदराला) गेले होते’ एवढं वाक्यसुद्धा मोलाचं आहे. एका बाजूला बादशहा पंचम जॉर्जचा चेहरा असलेलं चांदीचं पदक निघालं, तर चेहऱ्याकडे नंतर बघा, आधी कड बघा. कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. चिंच लावून किंवा राखेने घासू नका; ती बारीक अक्षरं एकदा गेली की गेली. पदक नसेल तर तलाठ्याकडे जुने फेरफार पाहा. १९१५ ते १९२० मधली वारसाची नोंद सापडली, की त्या घरात चौकशी करायची. एक सावधगिरी मात्र हवी. १९१८ मध्ये मानमोडीच्या (इन्फ्लुएन्झाच्या) साथीने घरंच्या घरं रिकामी केली, त्यामुळे त्या वर्षाची प्रत्येक वारस नोंद युद्धाची धरू नका.

नाव मिळालं की राष्ट्रकुल युद्ध-कबर आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा. स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाचं असतं. पवार ‘पोवार’ झालेला असतो, गावाचं नाव तर ओळखूच येत नाही. सांगलीकरांनी जिल्हा ‘सातारा’ टाकून पाहावं. वाळवा, तासगाव, खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. पलटणीचंही तसंच. १९२२ मध्ये मराठा पलटणींचे क्रमांक बदलले. महायुद्धातली ११० वी पुढे तिसरी बटालियन झाली, ११७ वी पाचवी झाली. म्हणून जुनाच क्रमांक शोधा.

आता खरा इतिहास सुरू होतो. पलटण १०३, ११० किंवा ११७ निघाली, तर नकाशावर इराकमधलं कुत शोधा आणि मुलांना विचारा: साताऱ्याचा शेतकरी तैग्रीसच्या काठी कशासाठी लढत होता?

उत्तरासाठी मागे जावं लागतं. १९०८ मध्ये इराणात तेल लागलं. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलाकडे वळत होतं, आणि युद्धाच्या तोंडावर, १९१४ मध्येच, ब्रिटिश सरकारने ते तेल काढणाऱ्या कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला. शुद्धीकरणाचा कारखाना होता आबादानला, बसऱ्याच्या खाली. त्याच वेळी जर्मन भांडवलावर बगदादकडे रेल्वे सरकत होती. इराण तर ब्रिटन आणि रशियाने १९०७ मध्येच आपापल्या प्रभावक्षेत्रांत वाटून टाकला होता, इराण्यांना न विचारता. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरताच पुणे डिव्हिजनच्या पलटणी नोव्हेंबर १९१४ मध्ये बसऱ्याच्या खाली समुद्रकाठी, तेव्हा तुर्कांच्या ताब्यातल्या फाओला उतरल्या. २२ नोव्हेंबरला बसरा घेतलं. तिथेच थांबले असते तर! पण बगदादचा मोह सुटला नाही. वर्षभराने बगदादच्या अलीकडे टेसिफोनला फौज अडली, मागे हटून कुतमध्ये शिरली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तिथे कोंडली गेली. शिधा संपत आला तेव्हा घोडे कापले; धर्मामुळे कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ खाल्लं नाही. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली, आणि वाळवंटातल्या पायपिटीत त्यांतली हजारो मेली. वर्गात हा भाग मी घाईने उरकत नाही.

यानंतर २८ जून १९१४ वर या. तोवर मुलांना कळलेलं असतं की सारायेव्होची गोळी ही ठिणगी होती, दारू आधीच भरलेली होती. मोरोक्कोवरून १९०५ आणि १९११ ची फ्रान्स-जर्मनीची भांडणं, १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळणं, जर्मनी आणि ब्रिटनची आरमारी चढाओढ, बाल्कन युद्धं: हे सगळं एका कागदावर सालवार मांडून भिंतीला लावा. ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरलं आणि हिंदुस्थानला न विचारता आपणही उतरलो, ही ओळ लाल शाईने लिहा. दहा लाखांहून जास्त हिंदी माणसं समुद्रापार गेली, सुमारे ७४,००० मेली.

युद्धानंतरचा नकाशा शेजारीच लावा. कुत वेढ्यातून सुटलेलं नसतानाच, १९१६ मध्ये, ब्रिटनचा साइक्स आणि फ्रान्सचा पिको यांनी तुर्कांच्या ताब्यातल्या अरब प्रदेशाची गुप्त वाटणी ठरवत आणली होती. बसरा, बगदाद आणि मोसुल हे तीन तुर्की प्रांत जोडून इराक झाला. १९२० मध्ये तिथले लोक उठले तेव्हा ते बंड मोडायलाही हिंदी फौजच वापरली. आणि इकडे बक्षीस काय मिळालं? रौलट कायदा, आणि १३ एप्रिल १९१९ चं जालियनवाला बाग. ‘जगाचा इतिहास’ आणि ‘भारताचा इतिहास’ असे दोन वेगळे कप्पे करू नका, असं मी म्हणते ते याचसाठी.

शेवटचं काम चिकाटीचं आहे. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज शिपायाचं नाव कोरलं; हिंदी शिपायांची मात्र पलटण आणि संख्या. आयोग आता गाळलेली नावं शोधतो आहे. तुमच्या हाती पदकाच्या कडेचा फोटो, फेरफाराची नक्कल आणि घरच्यांची माहिती असेल आणि आयोगाच्या यादीत नाव नसेल, तर पुराव्यासह त्यांना लिहा. एक प्रत त्या घरात द्या, एक ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवा.