हलका लॅपटॉप घेताना या चुका टाळा (मी केल्या आहेत)

नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात विक्रेत्याने लॅपटॉप दोन बोटांत धरला आणि म्हणाला, "भाऊ, उचलून तर बघा." मी उचलला आणि तिथेच फसलो. सव्वा लाख मोजून घरी आलो. चार दिवसांनी शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर गंमत म्हणून एकेक वस्तू ठेवली. लॅपटॉप 1 किलो 120 ग्रॅम, चार्जर वायरीसकट 310, वर हब (एका पोर्टाचे चार करणारी डबी), लॅनची अडॅप्टर वायर, माउस. सगळं मिळून 1 किलो 700. "साहेब, भाव काय लावू?" असं त्याने विचारलं ते वेगळंच.

जाहिरातीतला वजनाचा आकडा बहुधा 'इतक्यापासून पुढे' असा असतो. तो सर्वात लहान बॅटरीच्या, टच नसलेल्या मॉडेलचा. तुम्ही घेताय त्या मॉडेलचं वजन विचारा, आणि चार्जर हातात घेऊन बघा. दोनच पोर्ट असतील तर हबचं ओझंही धरा.

दुकानातला एसी

दुकानाच्या गारव्यात मशीन पारखणं ही आपल्या गावची खास चूक. मॅकबुक एअरच्या तपशिलात वापराचं तापमान 10 ते 35 अंश दिलेलं आहे. बऱ्याच पातळ विंडोज लॅपटॉपांचाही वरचा आकडा 35 हाच असतो. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो. पंखा आणि कूलरवर चालणाऱ्या खोलीत दुपारी 35 च्या खाली कधी येतं, सांगा बरं?

पातळ डब्यात उष्णता बाहेर काढायला जागा कमी. चिप फार तापली की स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवते. मॅकबुक एअरला तर पंखाच नाही, त्यामुळे सगळी उष्णता बॉडीतूनच बाहेर पडायची. दुकानात पहिली दोन-तीन मिनिटं प्रत्येक मशीन वाऱ्यासारखं पळतं, कारण तेवढा वेळ चिपला पूर्ण जोर लावू दिलेला असतो. म्हणून डेमो मशीनवर वीस-पंचवीस मिनिटं थांबायची लाज बाळगू नका. चार्जर काढून ठेवा, व्हिडिओ कॉल सुरू करा, जोडीला मोठी एक्सेल फाइल आणि ब्राउजरचे पंधरा-वीस टॅब उघडा. मग कीबोर्डच्या वरच्या पट्टीला हात लावून बघा आणि पंखा ऐका. एसीतच हात चटकत असेल, तर मे महिन्यात घरी काय होईल ते कळलं.

माझं मशीन दुपारी दोन वाजता टॅली उघडायला चहा होईल एवढा वेळ घ्यायचं. आमचा ऑफिसातला पोरगा म्हणाला, "काय होऊन राहिलं सर, व्हायरस आला काय?" व्हायरस नव्हता. मी ते गादीवर ठेवून काम करत होतो आणि हवा आत घेणाऱ्या जाळ्या तळाला होत्या. दोन जाड पुस्तकांवर टेकवून खालून हवा मोकळी केली, तर बराच फरक पडला. कूलरचा झोत मात्र थेट त्यावर घेऊ नका, पाण्याचे तुषार येतात. उन्हात उभ्या गाडीत तर लॅपटॉप कधीच ठेवू नका. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते.

बॅगेत तापतो, सकाळी चार्जिंग गायब

रात्रीच्या दुरांतोने मुंबईला निघालो, झाकण लावून लॅपटॉप बॅगेत टाकला. दादर यायच्या आधी बॅग उघडली तर भाकरीसारखा गरम, बॅटरी 14 टक्के. नव्या विंडोज लॅपटॉपांत झाकण लावल्यावर मशीन पूर्ण झोपत नाही, नेटला जोडलेलं राहून मधूनमधून जागं होतं. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जा आणि झाकण लावल्यावर 'हायबरनेट' असं निवडा. सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागतो, पण बॅग थंड राहते.

डीएससी टोकन खिशात घेऊन जा

आमच्यासारख्या टॅक्सच्या कामातल्यांसाठी हे सर्वात महत्त्वाचं. डिजिटल सहीचं टोकन साधारणतः जुन्या चौकोनी यूएसबीचं असतं. नव्या पातळ लॅपटॉपला अनेकदा नुसते टाइप-सी पोर्ट. 20 तारखेला रात्री जीएसटी रिटर्न भरताना कन्व्हर्टर शोधत फिरायची वेळ आली की समजतं.

पोर्टची अडचण दोनशे रुपयांत सुटते. खरी अडचण प्रोसेसरची. स्नॅपड्रॅगन एक्सच्या विंडोज मशीनची बॅटरी मस्त टिकते, पण त्यातली चिप एआरएम प्रकारची, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडीपेक्षा वेगळी. बाकी बहुतेक प्रोग्रॅम भाषांतर होऊन चालून जातात, ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) मात्र एआरएमसाठीच बनवलेला लागतो. तुमच्या टोकनचा, जुन्या प्रिंटरचा किंवा अंगठ्याच्या मशीनचा तसा ड्रायव्हर नसेल, तर काम तिथेच अडलं. म्हणून टोकन दुकानातच लावून बघा. विक्रेत्याने तोंड वाकडं केलं तरी.

रॅम: अशा मशीनमध्ये ती बहुधा बोर्डावरच डाग दिलेली असते, नंतर वाढत नाही. इंटेलच्या कोअर अल्ट्रा 200व्ही मालिकेत तर ती चिपच्याच पॅकेजवर, 16 किंवा 32 जीबी, पुढे काही करता येत नाही. 8 चं मशीन स्वस्तात मिळतं म्हणून घेऊ नका. एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) पुष्कळदा बदलता येते, विचारून घ्या.

वॉरंटी एक वर्षाची की तीन, घरी येऊन दुरुस्तीची की सेंटरला नेऊन द्यायची, हे बिलावर लिहून घ्या. डब्यावरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर दुकानातच टाकून बघा. फर्मच्या नावावर घेणार असाल तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर हवा. ही तक्रार नंतर केली की दुकानदार 'उद्या या' म्हणतो.

आणखी एक. धातूची बॉडी आणि दोन पिनचा चार्जर असेल, तर चार्जिंगला असताना मनगटाला झिणझिण लागू शकते. मी मशीन खराब समजून दोनदा चकरा मारल्या. अर्थिंग असलेल्या सॉकेटला तीन पिनची वायर लावली आणि झिणझिण थांबली.

तो लॅपटॉप आता ऑफिसात तोच पोरगा वापरतो, एसीच्या बरोबर खाली. तिथे तो उत्तम चालतो.