बेडक्याची वही: ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये छातीतले जंतू आणि सूज घरी कशी सांभाळावी

आईच्या बेडक्याच्या रिपोर्टवर दुसऱ्यांदा 'स्यूडोमोनास' या जंतूचं नाव आलं, तेव्हा मी फाइल घेऊन धावतच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कागदावर नजर टाकली, बाजूला ठेवला आणि आईला विचारलं, "मावशी, कफाचा रंग नेहमीचाच आहे ना?" आई म्हणाली, "नेहमीचाच." "धाप वाढली? ताप? थकवा?" तिन्हीला नाही. "मग आज गोळी नाही. कफ काढायचा व्यायाम चालू आहे का ते सांगा." तो बंद होता. मला वाटत होतं औषध महत्त्वाचं, व्यायाम काय, जमला तर जमला.

आईला तीस वर्षांपूर्वी टीबी झाला होता. औषधं पूर्ण घेतली, टीबी बरा झाला, पण श्वासनळ्यांच्या काही फांद्या कायमच्या सैल आणि रुंद होऊन बसल्या. हा ब्रॉन्किएक्टेसिस. भारतात २०१५ ते २०१७ दरम्यान २,१९५ रुग्णांची नोंद झाली, त्यात एक तृतीयांशाहून जास्त लोकांमध्ये मूळ कारण जुना टीबी निघालं. हा आजार स्वतः संसर्गजन्य नाही. नातेवाइकांना हे एकदा नीट सांगून टाका, नाहीतर वेगळं ताट-वाटी सुरू होतं.

आता थोडं आत काय चालतं ते. निरोगी फुप्फुसात जंतू नसतातच, असं वर्षानुवर्षं शिकवलं जायचं. २००७ मध्ये अमेरिकेत माणसाच्या शरीरातल्या जंतूंची मोजदाद करायचा मोठा प्रकल्प सुरू झाला, त्यात सुरुवातीला फुप्फुस धरलंच नव्हतं. २०१० मध्ये एका अभ्यासात दुर्बिणीतून श्वासनळीच्या आतले नमुने घेतले, तर निरोगी माणसांतही जंतू सापडले. झोपेत तोंडातली लाळ थेंबाथेंबाने खाली उतरते, तिच्याबरोबर ते जातात आणि श्वासनळीतले बारीक केस त्यांना कफासकट वर ढकलतात. येणं-जाणं चालू राहतं. त्याच अभ्यासात दमा आणि सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणाऱ्या आजाराच्या) रुग्णांत हिमोफिलसच्या गटातले जंतू जास्त होते, तर निरोगी लोकांत प्रिव्होटेला हा तोंडातलाच गट जास्त होता.

रुंद झालेल्या नळीत कफ साचतो. साचलेल्या कफात अनेक जातींऐवजी दोन-चारच जाती माजतात. त्यांना मारायला पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, धावून येतात आणि इलास्टेज नावाचं विकर (एन्झाइम) सोडतात. ते जंतूंबरोबर नळीचं अस्तरही खातं आणि केस लुळे पाडतं. मग कफ आणखी साचतो. १९८६ मध्ये लंडनच्या पीटर कोल यांनी याला दुष्टचक्र म्हटलं. आमच्या घरच्या भाषेत सांगायचं तर मोरी तुंबलेली असताना वरून कितीही फिनेल ओतलं तरी वास जात नाही, आधी मोरी मोकळी करावी लागते.

पहिली पायरी: आपला नेहमीचा रंग ठरवा

तब्येत बरी असतानाचे सात दिवस घ्या. सकाळचा पहिला कफ झाकणाच्या पारदर्शक डबीत काढा आणि खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. पांढरट, फिकट पिवळा की गडद हिरवा, एवढे तीन प्रकार पुरे. किती चमचे तेही अंदाजाने लिहा. वहीत तारीख, रंग, चमचे, धाप. एका ओळीत संपतं.

हिरवा रंग मुख्यतः न्यूट्रोफिलमधल्या एका हिरवट विकराचा असतो. म्हणजे रंग सांगतो आत किती सैन्य जमलंय, कोणता जंतू आहे ते सांगत नाही. म्हणूनच एखाद्याचा रोजचाच कफ पिवळा असेल तर पिवळा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. नेहमीपेक्षा बदलला का, हे महत्त्वाचं.

यातली खरी अडचण वेगळीच निघाली. आई कफ गिळत होती. घरात पाहुणे, समोर सून, कुठे थुंकायचं? पदराआड खाकरायचं आणि गिळून टाकायचं. "किती कफ पडतो?" या प्रश्नाला ती इतकी वर्षं "काही नाही हो" म्हणत आली, ते खोटं नव्हतं, बाहेर खरंच पडत नव्हता. तिच्या पलंगाशेजारी झाकणाची डबी ठेवली आणि ती कफ काढते त्या वेळात खोलीत कोणी जायचं नाही असं ठरवलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात वहीत रोजचे तीन-चार चमचे दिसायला लागले.

दुसरी पायरी: कफ रोज काढा

सगळ्या लेखात एकच पायरी करायची असेल तर ही करा. सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी किंवा जेवणानंतर किमान तासाभराने. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, एका बैठकीत जमतं.

पाठ टेकून ताठ बसा, खांदे सोडा. मिनिटभर पोटाने सावकाश श्वास. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक श्वास पूर्ण आत घेऊन दोन-तीन सेकंद धरायचा आणि आवाज न करता सोडायचा. परत मिनिटभर साधा श्वास. त्यानंतर 'हफ': चष्म्याची काच पुसायला तोंड उघडून तिच्यावर जशी वाफ धरतो तशी, पण जरा जोरात आणि लांब. खोकायचं नाही. आधी मध्यम श्वास घेऊन लांब हफ, त्याने खोलवरचा कफ वर सरकतो. छातीत घरघर वर आल्यासारखी वाटली की मोठा श्वास घेऊन आखूड, जोराचा हफ, आणि शेवटी एकच खोकला. हे चक्र दोन हफ कोरडे जाईपर्यंत, साधारण दहा ते तीस मिनिटं. चक्कर आली किंवा दमलं तर थांबा.

आई सुरुवातीला हफच्या जागी खोकतच सुटायची आणि पाच मिनिटांत गळून जायची. काच हातात दिल्यावर जमलं. काचेवर धुकं दिसलं पाहिजे एवढंच तिने लक्षात ठेवलं.

औषधांचा क्रमही ठरलेला असतो: आधी नळ्या उघडणारा पंप, मग डॉक्टरांनी दिलं असेल तर खारं पाणी नेब्युलायझरमधून (औषधाची वाफ करणाऱ्या यंत्रातून), मग व्यायाम, आणि स्टेरॉइडचा पंप किंवा वाफेतलं अँटिबायोटिक सगळ्यात शेवटी. कफाच्या थरावर महागडं औषध मारून उपयोग नाही. खारं पाणी ३ किंवा ७ टक्क्यांचं, निर्जंतुक, औषधाच्या दुकानातलंच असावं. त्याने काहींच्या नळ्या आवळतात, म्हणून पहिला डोस दवाखान्यात. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून पाणी थुंकून टाका, नाहीतर तोंडात बुरशी येते.

तिसरी पायरी: यंत्र धुवा

दर वापरानंतर नेब्युलायझरचा कप आणि तोंडाचा भाग सुटा करून साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचा, रोज एकदा पाच मिनिटं उकळायचा (कंपनीने उकळायला चालतं असं लिहिलं असेल तर), झटकून स्वच्छ कापडावर वाळवायचा. नळाचं पाणी औषधात कधीच नाही. ओला कप डब्यात बंद केला की स्यूडोमोनासला आयतं घर. विदर्भातल्यांनी एप्रिलमध्ये कूलर काढताना जुनं खस आणि टाकीतला गाळ रुग्णाच्या खोलीबाहेर काढावा, त्यात बुरशी भरपूर असते.

चौथी पायरी: नमुना नीट द्या

लॅबमधून रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची निर्जंतुक डबी आणा. सकाळी उठल्यावर कवळी काढून साध्या पाण्याने चूळ भरा. जंतुनाशक माउथवॉश नको. नमुना उघड्या खिडकीशी किंवा गच्चीत, घरच्यांपासून लांब काढा. छातीतून आलेला घट्ट बेडका हवा, लाळ नको. डबी दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. अँटिबायोटिक सुरू करायचं असेल तर नमुना त्याआधी. ही शेवटची गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात उलटी होते.

पाचवी पायरी: रिपोर्ट वाचा, पण वरून खाली

सगळे थेट जंतूचं नाव शोधतात. आधी पेशी बघा. सूक्ष्मदर्शकाच्या कमी भिंगाखाली एका दृश्यात २५ हून जास्त पस सेल्स (पुवातल्या पांढऱ्या पेशी) आणि १० हून कमी एपिथेलियल सेल्स (तोंडाच्या अस्तरातल्या पेशी) असतील तर नमुना छातीचा. उलट असेल तर तोंडातल्या लाळेचा, आणि खालचं नाव फारसं मनावर घेऊ नका. 'नॉर्मल फ्लोरा' म्हणजे तोंडातले नेहमीचे रहिवासी.

स्यूडोमोनास पहिल्यांदाच आला असेल तर मात्र थांबू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. तो पक्का बसायच्या आत काढायचा प्रयत्न करता येतो. आईला पहिल्या वेळी तसे उपचार मिळालेही होते. एकदा तो चिकट थर करून बसला की लॅबमध्ये 'एस' लिहिलेलं, म्हणजे चालणारं औषधही छातीत अर्धवटच पोचतं. सगळ्या जंतूंची जनुकीय यादी काढून देतो म्हणून महागडी चाचणी कोणी सुचवली तर मी तरी पैसे घालणार नाही. संशोधनात तिचं काम आहे, रोजच्या उपचारात अजून नाही.

सहावी पायरी: कधी निघायचं

खोकला, कफाचं प्रमाण किंवा घट्टपणा, रंग, धाप, थकवा, कफातून रक्त. या सहापैकी तीन गोष्टी ४८ तास नेहमीपेक्षा बिघडलेल्या असतील तर दवाखाना. चमचाभर ताजं रक्त पडलं, ओठ निळसर दिसले किंवा बोलताना वाक्य पुरं होईना, तर वही राहू द्या, व्यायाम थांबवा, सरळ इमर्जन्सी.

घरात उरलेली अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप मात्र घ्यायची नाही. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी टीबीवरही थोडी चालते, त्यामुळे टीबी उलटला असेल तर तो काही काळ दबतो आणि निदान लांबतं. वारंवार बिघडणाऱ्यांना डॉक्टर कधी कधी अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक महिनोन्महिने देतात. ते जंतूंइतकंच सुजेवरही काम करतं, पण त्याआधी कफात टीबीचे चुलतभाऊ म्हणजे एनटीएम जंतू नाहीत ना हे तपासावं लागतं, हृदयाचा आलेख काढावा लागतो आणि कानांवर लक्ष ठेवावं लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत ब्रेन्सोकॅटिब या गोळीला परवानगी मिळाली. ती एकही जंतू मारत नाही, न्यूट्रोफिलमधली ती अस्तर खाणारी विकरं तयार होतानाच अडवते.

दवाखान्यात जाताना वही फाइलच्या वर ठेवा. आमचे डॉक्टर आता एक्स-रेच्या आधी तीच मागतात.